तारवाल्याचा मग

आधीच सांगून ठेवते, ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. मी थांबते.

झालं? आता ऐका. ही गोष्ट खरी आहे. यात काळोखी रात्र नाही, पडकी विहीर नाही, केस मोकळे सोडलेली बाई तर अजिबात नाही. जे घडलं ते भर दुपारी दीड वाजता, ट्यूबलाइटच्या उजेडात, एका सरकारी कार्यालयात घडलं.

घडलं माझ्या मोठ्या काकांच्या बाबतीत. मी तिथेच होते, हातात फाइल घेऊन.

काका वीस वर्षं फौजेत होते. ट्रक दुरुस्त करायचे. आता कागदाच्या गोदामावर रात्रपाळीला पहारा देतात. त्यामुळे सगळं जग जागं असतं तेव्हा ते झोपतात. सकाळी नऊ ते दुपारी दोन. आणि झोपले की घोरतात. घोरतात म्हणजे... काकू म्हणते, "भिंतीवरचं घड्याळसुद्धा दचकून पाच मिनिटं पुढे पळतं."

पण आम्हाला भीती घोरण्याची नव्हती.

घोरणं थांबायचं, त्याची होती.

घर्र... घर्र... आणि मग एकदम काहीच नाही.

पाच सेकंद. दहा. वीस. छाती हलत नाही.

मग बुडणारा माणूस पाण्याबाहेर यावा तसे काका धडपडून श्वास घ्यायचे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्लीप ॲप्निया. झोपेत श्वास अडतो. काकांचा तासाला चाळीस वेळा अडत होता. मग मशीन आलं. एक पेटी, एक लांब नळी आणि नाकातोंडावर मास्क. त्यातून हवा आत ढकलली जाते.

"हत्ती करून ठेवलाय माझा," काका पहिल्या दिवशी म्हणाले.

"हत्ती घोरत नाही, काका."

"तू झोपली होतीस का हत्तीशेजारी?"

"मी नाही. काकू झोपते की."

काकूने मला लाटणं दाखवलं. असं आमचं घर.

आता मुद्द्याचं. हा आजार फौजेतच सुरू झाला, असं काकांचं म्हणणं. म्हणून त्यांनी अपंगत्वाच्या पेन्शनचा दावा केला होता. फौजेच्या वैद्यकीय मंडळाने तो फेटाळला. पत्रात दोनच ओळी. सेवेत असताना या आजाराची नोंद आढळत नाही. अर्जदाराने वजन कमी करावे.

काका ते पत्र येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि पोटावर हात फिरवून हसायचे. पण कामावर जाताना डबा विसरायला लागले. एकदा स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज ऐकू आला. हळू.

"त्यांनी मला खोटारडा ठरवलंय. दुसरं काही नाही."

"मग कोणी पाहिलं असेल ना," काकू म्हणाली. "अपील करा, साक्षीदार न्या."

"ज्याने पाहिलं, तो गेला."

तो म्हणजे तारवाला.

बराकीत काकांच्या शेजारच्या पलंगावर झोपायचा. काम वायरलेसचं. दिवसभर कानाला यंत्र लावून बसायचं, म्हणून सगळे त्याला तारवाला म्हणायचे आणि काकांना भोंगा. भोंग्याशेजारी झोपायला कोणी तयार नसायचं. तारवाला मात्र गाढ झोपायचा. त्याची खोड उलटी होती. त्याला आवाजाने जाग यायची नाही. आवाज बंद पडला की यायची. तिकडचा आवाज तुटला की ताडकन उठायचं, हेच तर त्याचं काम.

काकांचा श्वास थांबला की तो उठायचा. चहाचा पत्र्याचा मग उचलायचा आणि काकांच्या लोखंडी पलंगावर ठोकायचा.

टण. टण. टण.

"भोंग्या, श्वास घे." आणि परत झोपायचा. अशी चार वर्षं.

एकदा काकांनी चिडून तो मग हिसकावून फरशीवर आपटला. बूड एका बाजूने चपटं झालं. तेव्हापासून मग ठेवला की डुगडुगायचा. तारवाल्याने बदलला नाही. म्हणाला, "असू दे. तुझी आठवण."

मग एका पावसाळ्यात त्याचा ट्रक नदीत गेला. माणूस सापडला. त्याचा तो चहाचा मग सापडला नाही.

हे सगळं काकांनी मला नंतर सांगितलं. सुनावणीच्या आधी, एका दुपारी, घरी.

परीक्षा जवळ आली होती म्हणून मी घरी होते. काकू बाहेर गेली होती. काका आत झोपलेले, मास्क लावून. मशीनचा बारीक सूं सूं आवाज येत होता.

वीज गेली.

पंखा थांबला. सूं सूं थांबलं.

घर्र... घर्र... मी पुस्तकातून मान वर केली.

...काहीच नाही.

मी उठतच होते. तेवढ्यात आतून आवाज आला.

टण.

टण.

टण.

मी धावले. काका पलंगावर उठून बसले होते. मास्क हातात, अंगावर घाम.

"तू ठोकलंस?"

"नाही."

"कशाने ठोकलंस?"

"काका, मी बाहेर होते."

काकांनी पलंगावर हात ठेवला. मीही ठेवला.

आमचा पलंग लाकडी आहे.

त्या खोलीत लोखंडी असं काहीच नाही. मी पलंगाखाली वाकून पाहिलं. काकांच्या जुन्या चपला. बस्स.

मला वाटलं काका घाबरतील. त्यांनी पलंगाच्या उशाशी हात फिरवला. मग म्हणाले, "मेल्यावरसुद्धा झोपू देत नाही हरामखोर." आणि डोळे पुसले. तेव्हाच त्यांनी मला तारवाल्याची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाले, "फाइल काढ. अपील करू."

सुनावणीला काका रात्रपाळी करून थेट आले आणि दुपारी दीडला नंबर लागेपर्यंत बाहेरच ताटकळले. डोळे लाल. कोणीतरी कागद सांभाळायला हवं म्हणून मी सोबत. दाराशी एक कारकून वहीत आत जाणाऱ्यांची नोंद करत होता. आत लांब टेबलामागे तिघे. मधोमध अध्यक्ष, ते डॉक्टर. दोन्ही बाजूंना एकेक अधिकारी.

"नवीन पुरावा काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"साक्षीदार आहे."

मी काकांकडे बघितलं. हे आमचं ठरलं नव्हतं.

"कुठे आहे?"

"मी झोपल्याशिवाय तो येत नाही, साहेब."

डावीकडचा अधिकारी हसला. "हे कार्यालय आहे. धर्मशाळा नाही."

"वीस वर्षं तुम्ही सांगाल तिथे झोपलो," काका म्हणाले. आवाज चढवला नाही. "चिखलात झोपलो. ट्रकखाली झोपलो. आज मी म्हणतो तिथे झोपणार."

आणि भिंतीलगतच्या बाकावर आडवे झाले. बूट घालूनच.

शपथेवर सांगते, मला जमीन दुभंगावी असं वाटलं. उजवीकडचा अधिकारी शिपायाला हाक मारणार होता. अध्यक्षांनी हात वर केला. शेवटी ते डॉक्टर होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ टेबलावर काढून ठेवलं.

रात्रभर जागलेला माणूस. तीन मिनिटांत घोरायला लागला.

घर्र... घर्र...

थांबलं.

अध्यक्ष सेकंद मोजत होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. दहा. वीस. काकांचे ओठ निळसर पडायला लागले. तीस. अध्यक्ष खुर्ची सरकवून उठले...

टण.

टण.

टण.

बाकाच्या उशाशी. लाकडी बाकाच्या. लोखंडी कपाट होतं ते पार समोरच्या भिंतीला, आणि त्याच्याजवळ कोणीच नव्हतं.

काका दचकून उठले. मोठा श्वास घेतला. सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "आला का?"

डावीकडचा अधिकारी टेबलाखाली वाकून बघत होता. मघाशी हसलेला तोच.

मी बाकाच्या उशाकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं, पण नाही बघितलं. कारण तिकडून चहाचा वास येत होता... आणि त्या खोलीत कोणीच चहा घेत नव्हतं.

आठवड्याने कारकुनाचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"तुमच्या साक्षीदाराची सही राहिलीय. त्यांना पाठवून द्या."

"कोणाला?"

"अहो, तुमच्या मागोमाग आत आले ते. हातात मग होता. मी वहीत तीन माणसं लिहिलीत. अर्जदार, पुतणी आणि साक्षीदार. ते सही न करताच निघून गेले."

काकूने माझा हात घट्ट धरला.

"तो आता यायचा नाही," काका म्हणाले.

"मग निकाल अडेल."

"अडू दे. नाहीतर तुम्हीच जाऊन सही घेऊन या. पत्ता देतो, लिहा." काकांनी तारवाल्याच्या गावाचं नाव सांगितलं. मग स्मशान सांगितलं. मग साल सांगितलं.

पलीकडे नुसती खरखर. मग फोन बंद.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. दावा मान्य. आजार सेवेत सुरू झाला असल्याचे मंडळास आढळले. सोबत साक्षीचा कागद जोडलेला. साक्षीदाराच्या सहीच्या चौकटीत सही नव्हती.

तिथे मगाच्या बुडाचा गोल डाग होता. चहाचा. एका बाजूने चपटा.

काका इतके हसले की काकू पाणी घेऊन धावली. "नोंद नाही म्हणत होते. घ्या नोंद," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत राहिले. मला म्हणाले, "भ्यायचं कशाला? आपलाच माणूस आहे तो." त्या दिवसापासून ते दुपारी मास्क लावून राजासारखे झोपतात. डबा एकदाही विसरलेले नाहीत.

मीही भीत नाही. फाइल माझ्याच कपाटात आहे, मीच सांभाळते.

फक्त एक गोष्ट. पत्र पोस्टात चार दिवस होतं. ते आलं तेव्हा मी त्या डागावर बोट ठेवून पाहिलं होतं. ओला होता. म्हटलं, पाऊस लागला असेल.

त्याला आता तीन महिने झाले.

काल परत बोट ठेवून पाहिलं...

कोमट होता.