पुस्तकात असेल तरच!

"थांब! तो कागद फेकू नको!" मितालीने बंटीच्या हातातली चिवड्याची पुडी हिसकावली. अर्धा चिवडा ओट्यावर सांडला.

"अवं, काहून?" बंटी ओरडला.

"शिक्का पाह्य! आपल्या वाचनालयाचा! काळ्या किल्ल्याचं पुस्तक आहे हे!"

त्यांची मैत्रीण निशिगंधा चिवडा विसरून कागदावर वाकली.

मितालीचा दादा सलील पुण्याला शिकत होता. तिथून तो एक खेळ शिकून आला. फासे टाकायचे, गोष्ट पुढे न्यायची आणि त्या गोष्टीत प्रत्येकाने कोणीतरी व्हायचं! "हा खेळ काढणारे पुस्तकवेडे होते," सलील सांगायचा. "बुटके एका कादंबरीतून उचलले, एकदा म्हटला की विसरायला होणारा मंत्र दुसरीतून. आपणही तसंच करू." मग आर्णीच्या वाचनालयातून राक्षस आले, अरण्यं आली. नियम एकच: पुस्तकात असेल तरच खेळात!

खेळात सलीलचा योद्धा मेला, तेव्हा तो हसला होता. "मिते, काळ्या किल्ल्यात मेलेला राजपुत्र परत येतो. लहानपणी वाचून दाखवलं होतं ना? सुट्टीत पान काढून देतो."

सुट्टीआधीच काविळीने सलील गेला. कापसाचं गणित बिघडल्यापासून व्यापाऱ्यांची वर्गणी थांबली होती आणि वाचनालयाला कुलूप लागलं होतं.

"मले ते पान पाहिजे," मिताली म्हणाली. "खेळात तरी दादाले परत आणते."

चिवडेवाल्याने रद्दीवाल्या देवीलालकडे बोट दाखवलं. तिथे पुस्तकांची पोतीच पोती! पण देवीलाल हात लावू देईना. "भगवानरावांनी देल्ली. त्यायले विचारा."

वाचनालयाचे चिटणीस भगवानराव झोपाळ्यावर पेंगत होते. "पुस्तकं? वाळवीनं खाल्ली, पोरीहो!"

"अरेरे!" निशिगंधाने साळसूद चेहरा केला. "आन् उद्या पेपरवाले फोटो काढाले येऊन राह्यले ना काका. पुस्तकांसंगं तुमचा!"

भगवानराव ताडकन उठले!

संध्याकाळी देवीलालकडची पोती स्कूटरवर लादून ते वाचनालयाशी आले. दारात बंटी उभा होता, मागे त्याने बोलावून आणलेले मुख्याध्यापक वामनसर आणि अख्खी गल्ली.

"काका, वाळवीनं परत आणून देल्ली काय?" बंटीने विचारलं.

हशा पिकला. भगवानरावांचं तोंड पाहण्यासारखं झालं. "चुकलं माहं," म्हणत त्यांनी किल्ली वामनसरांच्या हाती दिली.

मिताली मात्र पोती उपसत होती. सापडलं! सुरुवातीची पानं फाटली होती, पण शेवट शाबूत होता. तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

राजपुत्र परत येतच नव्हता. बहीण नदीकाठी वाट पाहते आणि एकटीच घरी जाते. संपलं.

"दादा खोटंच वाचत होता," ती पुटपुटली.

"कायले?" निशिगंधाने विचारलं.

"मी रडली असती म्हणून."

बंटीचे डोळे भरले. "मंग नियमच मोडू ना! आणू सलीलदादाले परत!"

मितालीने मान हलवली. "नियम त्याचाच आहे, बंटी."

वामनसर जवळ आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास पोरांनो! मोठ्यांनी घालवलं, ते तुम्ही परत आणलंत!" मग तिचा चेहरा पाहून ते थबकले. "अगं, रडतेस काय? पुस्तक तर सापडलं!"

"म्हणूनच, सर," मिताली म्हणाली.