आमचं नाव आलं का?

बसा नीट. तो दिवा जरा कमी करा, डोळ्यांवर येतोय. आणि मध्ये कोणी ‘मग काय झालं, मग काय झालं’ करायचं नाही. मी माझ्या वेगाने सांगणार. घाई असेल त्याने आत्ताच झोपायला जावं.

ही गोष्ट भोंग्याची. जुन्या कोर्टातला शिपाई. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागत असेल, इतका तो सगळ्यांचा भोंगा झाला होता. कारण त्याचा पुकारा. कोर्टात खटला निघाला की शिपाई दाराबाहेर येतो आणि दोन्ही बाजूंची नावं तीनदा मोठ्याने घेतो, त्याला पुकारा म्हणतात. आला तो हजर. नाही आला तो गैरहजर, आणि गैरहजर माणसाचं साहेब काय ऐकणार, कपाळ? कोर्टासमोर माझी चहाची टपरी होती. भोंग्याने आवाज टाकला की लोक अर्धा चहा तसाच ठेवून रस्ता ओलांडत धावायचे. माझं काही बिघडत नव्हतं, मी पैसे आधीच घ्यायचो.

तर भोंगा रिटायर झाला. कोर्टसुद्धा पावसाळ्याआधीच गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्या इमारतीत गेलं. जुन्या इमारतीत उरलं फक्त वरच्या मजल्यावरचं रेकॉर्ड, म्हणजे लाल कापडात बांधलेले जुन्या फायलींचे बस्ते. तेही एका शनिवारी सकाळी ट्रक येऊन नेणार होते. मी सांगतोय ती रात्र त्याच्या आदल्या दिवशीची. जानेवारी महिना, शुक्रवार, आणि थंडी अशी की किटलीला हात लावून बसावं.

त्या संध्याकाळी एक पोरगी टपरीवर आली. पोरगी म्हणजे असेल सत्तावीस-अठ्ठावीसची, शाळेत शिकवणारी. खांद्याला पिशवी, पिशवीत कागद. म्हणाली, जुन्या केसची माहिती असलेलं कोणी आहे का. मी भोंग्याचं घर दाखवलं. अहो, मला काय माहीत?

तिचं काम तसं साधंच होतं. आई वारली होती. पालिकेने मृत्यूचा दाखला दिला, आणि त्यात नवऱ्याच्या नावाच्या रकान्यात त्याच माणसाचं नाव छापलं ज्याने आईला चोवीस वर्षांपूर्वी टाकलं होतं. मरताना त्या बाईने एवढं एकच मागितलं होतं, की जिवंतपणी झालं ते झालं, मेल्यावर तरी त्याचं नाव माझ्या नावाशेजारी नको. पालिकेतला कारकून म्हणाला, घटस्फोटाच्या निकालाची सहीशिक्क्याची नक्कल आणा, लगेच काढतो. कोर्टातला कारकून म्हणाला, केसचा नंबर आणा, लगेच देतो. आता नंबर असतो त्या निकालावर, आणि निकाल मिळतो नंबर दिल्यावर. पोरीने महिनाभर हेलपाटे घातले. बाप जिवंत होता, खाऊनपिऊन ठणठणीत. त्याला विचारलं तर म्हणाला, मेलेल्या बाईचं आता काय एवढं, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

भोंगा दारातच उभा होता. तिने आईबापांची नावं सांगितली. त्याने आत जाऊन चष्मा आणला नाही, डोकं खाजवलं नाही. जागेवर उभ्या उभ्या नंबर सांगितला, वर्षासकट.

पोरगी चाटच पडली. इतक्या वर्षांनी कसं काय लक्षात आहे, म्हणाली.

“राहतं एखादं,” भोंगा म्हणाला आणि चपला शोधायला लागला.

रेकॉर्डचा कारकून त्याच्या ओळखीतला होता. बस्ते मोजून ठेवायला तो त्या रात्री उशिरापर्यंत थांबणार होता. त्याच्याकडून आजच्या आज फाईल काढून घ्यायची, अर्ज लावायचा, म्हणजे नक्कल मार्गी लागेल. एकदा बस्ते नव्या इमारतीत गेले की कधी सुटतील ते देवालाच ठाऊक. दोघं निघाले, आणि वाटेत पोरीने दुसरी गोष्ट काढली.

ती वाढली बापाकडे. चार वर्षांची असताना घटस्फोटाच्या त्याच केसमध्ये कोर्टाने तिला बापाच्या ताब्यात दिलं, कारण तारखेला आई आलीच नव्हती. लहानपणापासून ती तेच ऐकत आली होती. काही मागितलं, काही चुकलं, कधी रडली, की बाप म्हणायचा, तुझ्या आईने तुझ्यासाठी कोर्टाची पायरीसुद्धा चढली नाही. पोरीनेही आईचं नाव टाकलं. शेवटच्या आजारपणात कोणीतरी निरोप दिला म्हणून गेली. तेव्हा आई म्हणाली, मी आले होते गं. तुला घेऊन आले होते. व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो आपण दोघी, तू पाय हलवत होतीस. माझं नाव कोणी घेतलंच नाही.

“मी तिला काय म्हणाले माहितीये, काका? म्हणाले, आता तरी खोटं बोलू नकोस. मग तिने तो विषय परत नाही काढला.” थोडं चालून ती म्हणाली, “आज तेही बघायचंय मला. काय लिहिलंय ते.”

भोंगा म्हणाला, “पुढे खड्डा आहे. बघून चाल.”

तीनदा त्याच्या तोंडाशी आलं होतं. हे त्याने मला नंतर सांगितलं. तीनदा आलं, आणि तीनदा त्याने गिळलं.

वर गेले. वरच्या मजल्याची वीज आधीच तोडलेली. कारकून सर्दीने बेजार, गळ्यात मफलर, हातात बॅटरी, सारखा नाक ओढतोय. नंबर असल्यावर शोधायला कितीसा वेळ लागतो? बस्ता सुटला, फाईल निघाली. पोरीने अर्ज भरला, कोर्ट फीचं तिकीट लावलं, नात्याच्या जागी ‘मुलगी’ लिहिलं. मग कारकुनाने तिच्यासमोर त्या तारखेचं पान धरलं. पुकारा केला. सामनेवाली, म्हणजे तिची आई, गैरहजर. एकतर्फी हुकूम.

तिने ते वाचलं. परत वाचलं.

“म्हणजे बाबा खरं बोलत होते,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत खोटं बोलली ती.”

कारकून म्हणाला, कोर्टाचा कागद आहे ताई, तो खोटं कशाला सांगेल. आणि नाक पुसलं.

भोंगा बाहेर व्हरांड्यात आला. 

आता तुम्हाला सांगतो त्याने काय केलं होतं. त्या तारखेच्या आदल्या दिवशी, माझ्याच टपरीवर, नवऱ्याच्या वकिलाचा माणूस त्याच्याशेजारी बसला होता. रोजची उठबस त्यांची. हसत हसत म्हणाला, उद्या तुझा घसा जरा बसू दे की. बस, एवढंच. पैसे घेतले म्हणाल, तर एक पैसा नाही. उलट त्या दिवशीच्या दोन्ही चहांचे पैसे भोंग्यानेच दिले, मला पक्कं आठवतंय. एका बाईचं लेकरू गेलं, आणि तेही असं, मैत्रीखात्यात.

खटले तेव्हा वरच्याच मजल्यावर चालायचे, आणि बाक होता याच व्हरांड्याच्या पार टोकाला. भोंग्याने भिंतीकडे तोंड करून, शर्टाच्या बटणाला सांगावं तसा पुकारा केला. तीनदा. कायद्यात बसेल इतका. बाईला ऐकू गेलं नाही. ती मधूनमधून पोरीला कडेवर घेऊन यायची आणि विचारायची, दादा, आमचं नाव आलं का? आणि हा म्हणायचा, बसा ताई, बोलावतो. निकाल झाल्यावरही म्हणत राहिला. संध्याकाळी दारांना कुलपं लागली तेव्हा ती बसलेलीच होती. पोर मांडीवर झोपलं होतं.

तर तो व्हरांड्यात आला. साडेनऊ वाजले असतील. रस्त्यावरच्या दिव्याचा थोडा उजेड वर येत होता. खाली माझी टपरी, मी भांडी घासत होतो.

टोकाच्या बाकाकडे त्याने बघितलं नाही. मुद्दामच नाही बघितलं.

कोणीतरी उठल्याचा आवाज आला. बाक करकरला.

पावलं... हळू. दमलेल्या माणसाची.

ती त्याच्या पाठीमागे थांबली. तेवढ्याच अंतरावर, जेवढ्यावर लोक शिपायाजवळ थांबतात. आदबीने.

“दादा, आमचं नाव आलं का?”

भोंग्याने भिंतीला हात लावला. भिंत गार होती. त्याच्या तोंडून शब्द निघाले, आपोआप, सवयीने. “बसा ताई...”

आणि तो तिथेच थांबला. पुढचं त्याच्याने म्हणवेना.

ती गेली नाही.  वाट बघत राहिली. तिला सवय होती.

मग त्याने तोंड उघडलं. आवाज फुटेना. परत उघडलं. नुसती हवा आली. मागे कापडाची सळसळ झाली, कडेवरचं मूल एका बाजूचं दुसऱ्या बाजूला घ्यावं तशी...

आणि मग त्याने पुकारा केला.

पोरांनो, तो मी ऐकला. माझ्या हातातला ग्लास खाली पडला. इतक्या वर्षांत त्याचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. बाईचं नाव घेतलं त्याने, पूर्ण. ते मी सांगणार नाही, रात्रीची वेळ आहे. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तर तो ओरडला, की रडला, मला कळलं नाही. रस्त्यावरचं कुत्रं उभं राहिलं.

मग शांत झालं.

आणि मग वरून एका बाईचा आवाज आला. एकच शब्द.

“आले.”

पोरगी आतून धावत आली. मागून कारकून, बॅटरी हलतेय. व्हरांड्यात भोंगा एकटा उभा होता, भिंतीला टेकून.

“काका, आत्ता कोण... तो आवाज...”

 ओळखीचा आवाज होता तिच्या.

भोंग्याने सांगितलं. सगळं, उभ्या उभ्या, चहासकट. पोरीने शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं, असं तो मला म्हणाला. तिने तसलं काही केलं नाही. ऐकून घेतलं.  मग म्हणाली,

“आत्ता बोलावलंत?”

ती कठड्याकडे वळली.

“आणि मी तिला...”

 कारकुनाचं नाक ओढणंसुद्धा थांबलं होतं.

नक्कल तिला पुढच्या आठवड्यात मिळाली. दाखल्यावरून त्या माणसाचं नाव निघालं. निकालात मात्र ‘गैरहजर’ तसंच आहे, ते कोण खोडणार? भोंगा नव्या कोर्टात लेखी द्यायला गेला होता, त्याला सांगितलं, मुदत संपली. नंतर वर्षभरात तो गेला. शेवटी कुजबुजण्याइतकाही आवाज राहिला नव्हता त्याला.

पण त्या रात्री निघताना कारकुनाची बॅटरी त्या बाकावर पडली. पावसाळ्यापासून तिथे कोणी बसलं नव्हतं. बोटभर धूळ साचली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फक्त एका कडेला लाकूड स्वच्छ दिसत होतं. एका बाईच्या बसण्याएवढं. आणि तिला लागून, अजून एक जागा... चार वर्षांचं पोर बसेल एवढी.

पोरगी वाकली. त्या छोट्या जागेवर तिने तळहात ठेवला, आणि ठेवूनच उभी राहिली. कारकुनाने विचारलं, काय झालं ताई. तिने हात उचलला, मूठ मिटली आणि जिना उतरून गेली.

लाकूड गार होतं की ऊन, ते तिने कोणालाच सांगितलं नाही.