एकोणसाठावा सेकंद

सेकंदसाहेबांचं खरं नाव मैदानावर कुणालाच आठवत नसे. छत्तीस वर्षं ते शर्यतींची वेळ घेत आले होते. हातात स्टॉपवॉच, नजर पांढऱ्या रेषेवर, आणि धावणाऱ्याची छाती रेषेला लागली की अंगठा खाली. डोळ्यांनी पाहिल्यापासून अंगठा हलेपर्यंत माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, हे त्यांना पाठ होतं. आपला अंगठा त्याहून जरा लवकर हलतो, एवढाच काय तो त्यांचा आयुष्यातला गर्व. मग रेषेवर कॅमेरे बसले, आणि साहेब निरोपाचा चहा पिऊन घरी आले.

लग्न केलेलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतीवर तीन घड्याळं, तिन्ही एकाच ठोक्याला चालणारी. दोन वर्षांपूर्वी मेव्हणे गेले आणि ताई राहायला आली, तेव्हा तिला आतली खोली देऊन साहेब बाहेरच्या दिवाणावर झोपू लागले. ताई त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. तिची आठवण उसवत चालली होती. सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता येत नसे, पण साठ वर्षांपूर्वीचं सगळं लख्ख. रोज चारच्या सुमाराला पर्स काखोटीला मारून ती दाराशी येऊन उभी राहायची.

"धाकट्या, आवर ना. घरी कधी जायचं?"

घर म्हणजे कारखान्याचं क्वार्टर. बाबा कामावर असतानाच गेले, आणि कंपनीनं आठ दिवसांत जागा रिकामी करून मागितली. आईनं सगळं सामान जुन्या बाजारवाल्याच्या तीन हातगाड्यांवर चढवून दिलं आणि मागे वळून पाहिलं नाही. क्वार्टर पाडून तिथे गोदाम उभं राहिलं, त्यालाही जमाना लोटला होता.

"वाद घालू नका," डॉक्टर म्हणाले होते. "घर गेलं, घर नाही, असं सांगू नका. त्यापेक्षा तिथल्यासारख्या चार वस्तू आणून ठेवा. जीव रमेल."

म्हणून साहेब जुन्या वस्तूंच्या लिलावाच्या साइटवर गेले, आणि दोन दिवसांत त्यांना कळलं की हा आपलाच खेळ आहे. लिलाव ठरलेल्या वेळेला बंद होतो. जे आधीपासून बोली लावत बसतात, ते एकमेकांना चेव आणतात आणि वस्तू महाग करून ठेवतात. शहाण्यानं गप्प बसावं. आपल्याला जास्तीत जास्त किती परवडतं ते मनात पक्कं करावं, आणि शेवटच्या तीन सेकंदांत ती रक्कम टाकावी. समोरच्याला विचार करायलाही वेळ मिळत नाही. साहेबांनी आपल्या घरच्या नेटला किती उशीर लागतो तेही स्टॉपवॉचनं मोजलं. आठ दशांश सेकंद. बाकी सगळं अंगठ्याकडे.

पहिल्या महिन्यात ते एकही लिलाव हरले नाहीत. तिवई आली, पितळी अडकित्त्यासारखी मूठ असलेली छत्री आली, निळ्या काठाच्या चिनी मातीच्या बशा आल्या. अगदी होत्या तशा. ताई प्रत्येक वस्तू हातात घेऊन उलटसुलट बघायची आणि पाहुणीसारखं म्हणायची, "छान आहे हो. कुणाची?"

मग लिलावात एक रेडिओ आला. फोटोत डावीकडचं बटण नव्हतं, त्याच्या जागी टूथपेस्टच्या ट्यूबचं पांढरं टोपण बसवलेलं होतं. साहेब खुर्चीत सावरून बसले. ते टोपण त्यांनीच बसवलं होतं, सहा वर्षांचे असताना, आणि बाबांनी मारण्याऐवजी शाबासकी दिली होती.

लिलाव संपायची वेळ दुपारी साडेचार. साहेबांनी तीन सेकंद राहिले असताना बोली टाकली. पडद्यावर त्यांची बोली वर आली, आणि एका क्षणात खाली गेली. साइट खरेदीदारांची नावं दाखवत नसे. वर फक्त तीन तारका होत्या, आणि बोलीची वेळ: चार वाजून एकोणतीस मिनिटं, एकोणसाठ सेकंद.

"वा रे तारकावाल्या," साहेब पुटपुटले. हरल्याचं वाईट वाटलं, पण वेळ मात्र दाद देण्यासारखी होती.

आतल्या खोलीतून ताईचा आवाज आला. "जरा हळू लावा ना. बाबा पाळीवरून आलेत, झोपू द्या त्यांना."

ताईला रेडिओबद्दल कुणीच सांगितलेलं नव्हतं.

पुढच्या पंधरवड्यात आरशाचं कपाट आलं. आरशाच्या खालच्या कोपऱ्यात तोच चरा, ताईच्या कंपासनं काढलेला. या वेळी साहेबांनी दोनच सेकंद ठेवले. तारकावाल्यानं एक. एकोणसाठ.

"अगं बाई, तिथे कशाला?" आतून आवाज. "खिडकीपाशी ठेवा. उजेड नको का पडायला?"

दिवसभर ताईजवळ थांबणाऱ्या नर्सबाई हसत बाहेर आल्या. "आज आमच्याकडे हमाल आलेत वाटतं. हात करून करून सांगतायत त्यांना."

"किती वाजता?"

"काय किती वाजता?"

"हात करायला लागली, तेव्हा किती वाजले होते?"

नर्सबाईंनी भिंतीकडे पाहिलं. "आत्ताच की. साडेचार."

साहेबांनी वहीत नोंदी ठेवायला सुरुवात केली. शिवणयंत्र. बाबांची जेवणाच्या डब्याची पेटी. आईची लोखंडी खाट. विकणारे वेगवेगळे, गावं वेगवेगळी, पण वेळ एकच, साडेचार. जी वस्तू नुसती तिथल्यासारखी असे, ती साहेबांना मिळायची. जी खरोखर त्या घरातली असे, ती तारकावाला न्यायचा, आणि त्याच सेकंदाला आतल्या खोलीत ताई ती वस्तू कुठे ठेवायची ते कुणाला तरी सांगायची. साहेब हिशेबी माणूस. एकदा झालं तर योगायोग, दोनदा झालं तर चूक आपल्या घड्याळाची. सातव्या नोंदीनंतर त्यांनी वही मिटली.

गंमत अशी की ताई सुधारत होती. जेवण वाढलं, गालांवर रंग आला. चार वाजता पर्स घेऊन दाराशी येणं बंद झालं. आता ती खुर्चीत बसून साहेबांना बोलवायची आणि सांगत राहायची. रेडिओ गरम झाला की त्याला धुळीचा वास यायचा. आई शिवता शिवता यंत्राच्या तालावर बोलायची, त्यामुळे तिचं रागावणंसुद्धा गाण्यासारखं वाटायचं. पावसाळ्यात बाबांचा गणवेश वाळायचा नाही, म्हणून आई तो अंगाशी घेऊन झोपायची. साहेबांना यातलं काहीच आठवत नव्हतं. ते तेव्हा फार लहान होते. तिवईवर बसून ते ऐकत राहत, आणि कधीकधी त्यांना वाटे, यंत्राचा आवाज आत्ता आपणही ऐकला.

खरं सांगायचं तर पुढचे दोन-तीन लिलाव ते मुद्दामच हरले.

आणि मग दार आलं.

कारखान्याच्या सगळ्या क्वार्टरना एकसारखी हिरवी दारं होती. पण या दाराला खाली एक वाकडं भोक होतं. मांजरीला जायला-यायला म्हणून बाबांनी करवतीनं कापलेलं, आणि कापताना तिरकं गेलेलं. साहेब बराच वेळ फोटोकडे बघत बसले. सामान तर सगळं गेलं होतं. आता दार बसलं, की घर पुरं झालं.

पुऱ्या झालेल्या घरात माणसं राहायला जातात.

साहेब खुर्ची पडद्याजवळ ओढून बसले. त्यांनी बँकेत होतं नव्हतं ते सगळं मनात धरलं आणि दीड सेकंद राहिला असताना अंगठा खाली आणला.

एकोणसाठ आला आणि गेला. साहेब जिंकले.

आतून आवाज आला नाही.

चार दिवसांनी दोन माणसांनी दार वर आणून बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं. ताईनं त्याच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिनं कुणाचं आहे ते विचारलं नाही. त्या दिवसापासून ती कुडकुडू लागली.

"वारं येतंय," ती म्हणायची. "सगळं उघड्यावर पडलंय. आई दारात बसून असते. झोपत नाही बिचारी."

"साहेब, घरात वाऱ्याची झुळूक नाही," नर्सबाई म्हणाल्या, "आणि बाईंच्या अंगावर तीन घोंगड्या आहेत. हात बघा त्यांचे."

हात बर्फासारखे होते. डॉक्टर येऊन गेले, ताप नाही म्हणाले. ताईनं खाणं सोडलं. अकरा दिवस साहेबांनी मन घट्ट करून काढले. बाराव्या दिवशी तिनं त्यांचं मनगट धरलं. तिची नजर एकदम स्वच्छ होती, दोन वर्षांत नव्हती एवढी.

"धाकट्या, तू अडवून धरलंयस ना?"

साहेबांनी घोंगडी तिच्या खांद्यापर्यंत ओढली.

"तू लहानपणापासून असाच. आपलं खेळणं कुणाला द्यायचा नाहीस." ती हसली. "दे बाबा आता. थंडी वाजते."

"तू गेल्यावर मी काय करू, ताई?"

तिनं त्यांच्या मनगटावर थोपटलं आणि डोळे मिटले.

साहेबांनी दाराचा फोटो काढून ते लिलावाला लावलं. किंमत कमीत कमी लिहिली. लिलाव बंद होण्याची वेळ साडेचार टाकली.

त्या दुपारी त्यांनी नर्सबाईंना लवकर घरी पाठवलं. ताईला खुर्चीत नीट बसवलं, केस विंचरले, घोंगडी गुडघ्यांवर घातली.

सव्वाचार. एकही बोली नाही.

चार वाजून एकोणतीस मिनिटं. नाही.

दहा सेकंद. साहेबांचा अंगठा हवेत होता. अजून लिलाव मागे घेता आला असता.

पाच.

तीन.

त्यांनी अंगठा मुठीत घेतला.

एकोणसाठ.

तीन तारका.

"आले, आले," आतून ताई म्हणाली, कुणीतरी हाक मारल्यासारखी.

साहेब आत गेले. खुर्चीत ताई होती, मान जराशी कललेली, हात उबदार. घोंगडी घडी घालून शेजारी ठेवलेली होती. तिच्या चपला खोलीच्या उंबऱ्याबाहेर होत्या. जोडून, आत जाणाऱ्यानं काढून ठेवाव्यात तशा.

साइटची गाडी येऊन दार घेऊन गेली. कागदावर पत्ता नव्हता, नुसता आकडा होता. साहेबांनी पत्ता विचारला नाही.

पुढे दोन महिने त्यांनी साइट उघडली नाही. नर्सबाई अधूनमधून चहाला येत. एकदा म्हणाल्या, "साहेब, घड्याळं बंद पडली वाटतं." साहेबांनी किल्ली द्यायची सोडून दिली होती.

मग एका दुपारी फोनवर निरोप वाजला. खरेदीदारानं तुमच्याबद्दल अभिप्राय दिला आहे. साहेबांनी चष्मा पुसला आणि उघडून पाहिलं. पाचपैकी पाच तारे होते, आणि खाली एक ओळ.

'दार नीट बसलं. कडी लावलेली नाही. सावकाश ये.'