उसवलेले शनिवार

"हे कुणी शिवलं?"

अश्विनीचा आवाज इतका हळू आला, की मशिनवर वाकलेल्या रामदासला वाटलं, गिऱ्हाईक खूश झालंय.

"मीच की," तो हसून म्हणाला. "पप्पू चहावाल्याला स्टँडच्या बाकावर सापडलं. एक तुकडा लोंबत व्हता, म्हणून त्याला वाटलं माझ्याकडं दुरुस्तीला आलेलं असंल. पण सगळेच टाके वाकडे निघाले, मॅडम. मग समदे काढले अन् मशिन मारली."

स्टँडवर विसरलेलं ते जाकीट अश्विनीनं छातीशी धरलं. बाह्या कापलेलं काळं डेनिम. त्यावर कापडाचे अकरा पॅच — शिंगांची कवटी, जळते पंख, काटेरी अक्षरांत बँडची नावं. पुण्यात कॉलेजला असताना ती हेवी मेटल संगीताच्या नादी लागली होती. ते संगीत ऐकणाऱ्यांत असं एक जाकीट ज्यानं त्यानं स्वतःच्या हातानं शिवायचं असतं; दुसऱ्याचा टाका त्यावर चालत नाही. हॉस्टेलच्या चार वर्षांत तिनं एकेक पॅच जोडला होता. कवटी तर जिवाभावाची मैत्रीण लग्न ठरून गावी निघून गेली, त्या दुपारी. आता सगळीकडं सरळ, एकसारखी, परकी शिलाई होती.

"वाकडे होते," ती म्हणाली, "पण माझे होते..."

तिचे डोळे भरून आले. रामदासनं मशिनच्या चाकावर हात ठेवला. चाक थांबलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "बसा तुमी."

त्यानं बारीक कात्री घेतली आणि स्वतःची शिलाई उसवायला बसला. दीड तास मान वर केली नाही. कापडाला कुठं ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. मग काळा दोरा ओवून सुई तिच्यापुढं धरली.

"सुई माझी. टाका तुमचा."

घरी येडगावला हे काम करणं अवघड होतं. कवट्या दिसल्या की आई ते जाकीट चुलीत घालायला निघायची. अश्विनीनं तसं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मग इथंच बसून शिवा की. शनिवारी दुपारी गर्दी नसती माझ्याकडं."

जुन्नरच्या माती तपासणीच्या लॅबमध्ये अश्विनी कामाला होती. शनिवारी अर्धा दिवस. दोन वाजले, की ती बाजारपेठेतून चालत यायची आणि त्याच्या दुकानाच्या उंबऱ्याजवळच्या स्टुलावर बसायची. बाहेर रस्त्यावर मोटारसायकली, आत इस्त्रीचा उबदार वास. एकदा तिनं इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात दिलं.

"हा माणूस कुणावर खेकसतोय?"

"कुणावर नाही. आतलं बाहेर काढतोय."

त्यानं डोळे मिटून ऐकलं. "ढोलवाला चांगला हाय. पाय किती भरभर चालतोय बघा त्याचा. मशिनवर बसवला, तर दिवसाला वीस गणवेश काढंल."

ती इतकी हसली, की सुई बोटात घुसली. त्यानं बोट धरलं नाही — आपल्या बोटातलं अंगुस्तान काढून तिच्यापुढं सरकवलं फक्त. पितळेची ती इवलीशी टोपी तिनं घातली. आत त्याच्या बोटाची ऊब होती... अश्विनी पुढचे चार टाके कुठं घालतेय, हे तिचं तिलाच कळलं नाही.

शनिवार सरत गेले. 'मॅडम'ची 'अश्विनी' झाली, 'तुमी'चं 'तू'. शिवनेरीवर ढग उतरून बसू लागले. आठ पॅच लागले, पण नववा काही संपेना.

त्या शनिवारी बाहेर भुरभुर चालली होती. रामदासनं जाकीट उचलून उजेडात धरलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"अश्विनी... या पॅचच्या कडेला भोकं हायेत. शिवून उसवलेलं दिसतंय. तेबी एकदा न्हाई, तीनदा."

"कापड जुनं आहे."

"मी शिंपी हाय गं."

ती रस्त्याकडं बघत राहिली. कान मात्र लाल झाले होते.

"घरी उसवते," शेवटी ती म्हणाली. "शुक्रवारी, आई देवळात गेली की."

"का पण?"

"सगळं शिवून झालं, तर... शनिवारी कशाच्या निमित्तानं येऊ इथं?"

रामदास तिच्यासमोर खाली टेकला.

"मग मीबी सांगतो. शनिवार माझा गावी जायचा वार. तिकडं आंबेगावच्या डोंगरात आई एकटीच भाताची आवणी करती. तिला फोनवर सांगतोय, दुकानात लई काम हाय. निम्मं वावर तसंच राहिलंय." त्यानं मान खाली घातली. "उद्या जाणार हाय. सहाच्या गाडीनं. येतीस?"

"मला भात लावता येत नाही."

"ते दाखवीन. पण तू बागायतदाराची पोरगी, मी डोंगरातला शिंपी. तुझ्या घरी चालंल?"

"आईपासून लपवून कवट्या सांभाळल्यात मी त्या घरात," ती म्हणाली. "तुला नाही सांभाळणार?"

तो हसला, मग पुन्हा गंभीर झाला. "आई विचारंल, ही कोण. काय सांगू?"

"सांग..." ती अडखळली. सुई खाली ठेवली. मग सरळ त्याच्याकडं पाहिलं. "तुझी आहे म्हणून सांग."

दुसऱ्या दिवशी घाट चढून एसटी डोंगरात शिरली, तशी खिडकीबाहेर पाण्यानं भरलेली खाचरं लागली. दोघं बांधावरून चालत गेले. रामदासची आई, बायडाबाई, चिखलात वाकून रोपं लावत होती. चाहूल लागताच तिनं कमरेवर हात ठेवून मान वर केली. वाटभर घोकलेलं वाक्य रामदासला आठवेना.

"आई... ही अश्विनी."

बायडाबाईनं पोरीकडं पाहिलं. तिची वर दुमडलेली सलवार पाहिली, मग लेकाचं तोंड पाहिलं.

"असं व्हय," ती म्हणाली. "हे काम व्हतं तर दुकानात."

आणि तिनं रोपांची एक जुडी अश्विनीच्या हातात दिली.