आखरावरचा चोर

"खाली बस बे! तुह्यं डोकं दिसून राह्यलं!" अर्पितानं ऋतिकची मान धरून त्याला तुरीच्या ओळीत दाबलं.

"अगं, मान मोडशील माझी!" ऋतिक कुरकुरला. दिवाळीच्या सुट्टीत तो यवतमाळहून मामाच्या, म्हणजे अर्पिताच्या गावी आला होता. हेरगिरी करायला मिळणार म्हणून स्वारी पहाटेच तयार झाली होती. पण पाळत ठेवायची कशावर? तर शेणावर!

अर्पिताचा धाकटा भाऊ पियूष तोंडावर हात ठेवून फिदीफिदी हसत होता.

पण कोडं खरंच शेणाचं होतं. दोन वर्षं आराखडे करून ग्रामपंचायतीनं अंगणवाडीमागे गोबरगॅस बांधला होता. त्यावर पोरांची खिचडी शिजणार होती, चौकातले दिवे लागणार होते. उद्घाटनाला झोकात चहा झाला आणि पंधरा दिवसांत शेगडीनं मान टाकली! अंगणवाडीत पुन्हा चुलीचा धूर. "शेन पुरतच नाई! कोनीतरी चोरून राह्यलं," असं सरपंच मारोतराव चारचौघांत म्हणाले आणि अर्पिताच्या डोक्यात चोर शिरला तो शिरलाच.

"आली!" पियूष कुजबुजला.

आखरावर, म्हणजे रोज सकाळी गावची गुरं जमतात त्या मैदानावर, तांड्यावरची जमनीमावशी टोपलं घेऊन आली होती. पंचायतीचा शेण उचलणारा गाडा यायच्या आत तिनं तीन टोपली भरून नेली. पोरं मागोमाग तांड्यावर पोचली. तिच्या घरामागे गोवऱ्यांचा हा मोठा ढीग! ऋतिकनं फटाफट फोटो काढले.

"चोर सापडला!" अर्पिता नाचलीच. जमनीमावशीला आखरावर ती लहानपणापासून पाहत होती. पण चोर सापडल्याच्या आनंदात एवढा विचार करतो कोण?

फोटो पाहून मारोतरावांनी "शाब्बास!" म्हणत तिची पाठ थोपटली आणि जमनीमावशीला बोलावणं धाडलं.

"सरपंचभाऊ, चोरी कायची?" मावशी म्हणाली. "आखर झाडे त्याचं शेन, हे माह्या सासूपासून चालू हाये. गोवऱ्या इकूनच तं मी पोट भरतो."

"आता ते शेन पंचायतीचं हाये, बाई. आराखड्यात लिवलं हाये तसं."

मावशीनं एकदा अर्पिताकडे पाहिलं आणि ती निघून गेली.

आठ दिवस गेले. सगळं शेण गोबरगॅसला मिळूनही शेगडी काही पेटेना.

"चोर पकडला ना? मंग गॅस काहून नाई?" पियूषनं विचारलं. मोठ्यांना न सुचलेला प्रश्न या टिल्ल्याला सुचला!

तिघं पंचायतीत गेली आणि आराखड्याची फाइल मागून वाचली. "गावातली जनावरं, तीनशे बारा?" अर्पिताचे डोळे विस्फारले. "एवढी कुठं हायेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं आखरावर मोजायला उभी राहिली.

"ऐंशी, एक्क्याऐंशी, ब्याऐंशी..."

"ती शेळी हाये, बावळ्या!"

"बरं, एक्क्याऐंशी! झाली सगळी!"

तीनशे बारा हा आकडा कुठल्यातरी जुन्या यादीतून उचललेला होता. त्यानंतर घरोघर ट्रॅक्टर आले, बैल विकले गेले. आखरावर येऊन मोजायची तसदी कोणी घेतलीच नव्हती. मावशीच्या तीन टोपल्यांनी त्या गोबरगॅसचा काय घास भरणार होता? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

अर्पिता तडक तांड्यावर धावली. मावशीच्या दाराला कुलूप होतं.

"काल दुपारी ट्रक गेला," शेजारचे उत्तमसिंग म्हणाले. "लेकाच्या टोळीसंगं ऊसतोडीले गेली. या वयात जात नोती ते. पन शेन बंद झालं, मंग इथं खाईन काय?"

सगळं तिच्यामुळे झालं होतं.

ग्रामसभेत तिनं आकडे वाचून दाखवले. बाजाराच्या दिवशी फेकून देतात ती सडकी भाजी आणि घरोघरचा ओला कचरा गोबरगॅसला घालायचं ऋतिकनं सुचवलं.

"चूक आमची," मारोतराव उभे राहून म्हणाले. "खुर्चीवर बसून आराखडा केला. पोरांनी डोळे उघडले!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

"माह्यी बी चूक हाये, काका," अर्पिता म्हणाली. "मावशीले फोन लावा. शेन तिचंच राहीन, असं कबूल करा."

मारोतरावांनी मान डोलावली, उत्तमसिंगांकडून नंबर घेतला आणि फोन लावून तिच्या हाती दिला.

"मावशी, मी अर्पिता. मी चुकली. सरपंचकाका शेन द्याले तयार हायेत. तुमी वापस या!"

"आता कशी येऊ, बाई? टोळीत नाव लागलं. उनाळ्यातच येनं होईन." मावशीचा आवाज रागाचा नव्हता, नुसता थकलेला होता. "तू तं मले रोज आखरावर पाहे. एकडाव इचारलं असतं, तं सांगतलं असतं ना मी."

फोन बंद झाला. मारोतराव शाबासकीचा नारळ घेऊन समोर उभे होते, टाळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. तिनं नारळाला हात लावला नाही.