कशामुळे आणि कशी

राजाजीनगरातल्या त्या खासगी रुग्णालयाच्या मागच्या जिन्याखाली आर्या मेश्राम मरून पडली होती. मान मोडलेली. उजव्या हाताची नखं तुटलेली.

इन्स्पेक्टर सूर्यकांत पाच्छापुरे त्या नखांकडे बराच वेळ बघत राहिले. घसरलेला माणूस कठडा धरतो. कठड्यावर ओरखडा नव्हता. नखांत मात्र कातडी अडकली होती.

आर्या नागपूरची. कोरमंगलात पीजीमध्ये राहायची. रुग्णालयानं नुकतंच आजारांचं नवं वर्गीकरण स्वीकारलं होतं आणि जुन्या केसेसना नवे संकेतांक द्यायचं काम तिच्याकडे होतं.

"कुणाशी भांडण?" त्यांनी तिच्या विभागप्रमुख सुचेताला विचारलं.

"माझ्याशीच." सुचेताचे डोळे सुजले होते. "एका केसवर ती अडून बसली. पूर्वी तिथं 'हृदयक्रिया बंद' एवढंच होतं. नव्या पद्धतीत उपचारातून इजा झाली असेल, तर कशामुळे आणि कशी, तेही जोडायचं असतं. ती म्हणाली, हे हृदयाचं नाही, ऑपरेशनच्या टेबलावर काहीतरी झालंय. मी म्हटलं, डेडलाइन बघ, सोड. काल म्हणाली, डॉक्टरांनाच विचारते."

"कुठल्या?"

"ते नाही सांगितलं."

"रुग्ण कोण होता?"

"माहीत नाही. आम्हाला फक्त नंबर दिसतो. नावं झाकलेली असतात."

सूर्यकांतनी शस्त्रक्रिया विभागातल्या एकेका डॉक्टरला गाठलं. प्रश्न एकच: आर्यानं जुन्या केसबद्दल काही विचारलं होतं का?

भूलतज्ज्ञ डॉ. विलास खिडकीशी उभे होते. डावा हात ॲप्रनच्या खिशात.

"तानूबाईंबद्दल? नाही. ती मला कधी भेटलीच नाही. त्या जिन्यावर उजेड नाही, कितीदा सांगितलंय मी."

"सरी, ठीक आहे," म्हणून सूर्यकांत खाली आले. त्यांनी संचालकांची परवानगी घेतली आणि सुचेताकडून त्या नंबरची नोंद उघडवली. तानूबाई, बनशंकरी. हर्नियाचं ऑपरेशन. भूल देणारे, डॉ. विलास.

ते सुचेताला घेऊन वर गेले.

"डॉक्टर, मी रुग्णाचं नाव घेतलं नव्हतं. तेव्हा मला ते माहीतच नव्हतं. बाकी सगळ्यांनी मला उलट विचारलं, कुठली केस? आर्यापाशीही नुसता नंबर होता. ती तुमच्याकडं आली, ऑपरेशनचं वर्णन केलं, आणि बाई कोण ते तुम्हाला लगेच कळलं. तो हात स्वल्प बाहेर काढा."

मनगटावर नखांचे ताजे ओरखडे होते.

विलास खुर्चीत बसले.

"श्वासाची नळी अन्ननलिकेत गेली होती. मॉनिटर वाजत होता. मला वाटलं, मशीन बिघडलंय. आर्या म्हणाली, सर, बाई कशी गेली तेवढं सांगा. मी नाही म्हटलं, तर निघाली संचालकांकडं. जिन्यावर मी तिला अडवलं. तिनं हात झटकला, आणि मी ढकललं."

सुचेता भिंतीला टेकून उभी होती. "मी तिला सोड म्हणाले होते," ती हळूच म्हणाली.

संध्याकाळी सूर्यकांत बनशंकरीला तानूबाईंच्या मुलीकडे, कावेरीकडे गेले. तिनं सगळं उभ्यानंच ऐकलं.

"डॉक्टर म्हणाले होते, तुम्ही उशिरा आणलंत, हृदय थकलं होतं. तेव्हापासून भाऊ परसू माझ्याशी बोलत नाही, अण्णा. आईला मी मारलं म्हणतो."

"तुमचा काही दोष नव्हता, अक्का."

कावेरीनं भावाचा नंबर लावला आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

"माझं तो ऐकणार नाही. तुम्ही सांगा."