अक्षता खाली पडायला हव्यात

शर्वरीच्या लग्नाचा मुहूर्त आणि 'दिगंत' यानाचा पालट एकाच दिवशी आला. पालट करणार होती तिची मालविका आत्या, पण इंजिनाची किल्ली होती शर्वरीच्या बापाकडे.

दिगंतचं इंजिन कायम एकाच जोराने ढकलतं. शंभर दिवस वेग रोज सारखाच वाढवायचा, मग एक दिवस इंजिन बंद ठेवून यान उलटं फिरवायचं, आणि उरलेले शंभर दिवस तो वेग तसाच रोज उतरवत मुक्कामाच्या ग्रहापाशी थांबायचं. हे उलटं फिरवणं म्हणजे पालट. इंधन मोजून तेवढंच. यानात वजन असतं ते या ढकलण्यामुळे. इंजिन बंद, की माणसं-भांडी सगळी तरंगतात.

"अक्षता वरच राहिल्या तर लग्न लागलं असं कोण म्हणेल?" वसंतदादा म्हणाले. ते शर्वरीचे वडील आणि प्रवासी समितीचे अध्यक्ष. "आणि मठ्ठा व्याह्यांच्या नाकात जाईल, माले!"

"दादा, आजच इंजिन बंद करायला हवं."

"उद्या कर. एक दिवस उशिरा पोचू."

"उशिरा नाही, लवकर पोचू. अठरा दिवस लवकर."

"मग बरंच आहे की!"

"अरे, थांबता येणार नाही! आज जास्तीचा वेग वाढला, की तो उतरवायला एक दिवस जास्त लागणार. आणि एका दिवसाचं इंधन तू आजच जाळणार. शेवटी दोन दिवसांचा वेग अंगावर उरेल, आणि ग्रह कधीच मागे गेलेला असेल."

"लहानपणापासून तुझं हेच, शुभकार्यात गणित," म्हणत दादांनी किल्ली उपरण्याच्या टोकाला बांधली.

समितीने मतदान घेतलं. आत्याला एक मत पडलं, तिचं स्वतःचं.

अक्षता सुरेख पडल्या. दुसऱ्या दिवशी पालटही झाला. वेग वाढताना आणि उतरताना अंगाला सारखंच वाटतं, त्यामुळे सगळे आत्याला हसले.

एक्याऐंशी दिवसांनी मंडळी सामान बांधून, ठेवणीतले कपडे घालून खिडकीशी उभी राहिली. ग्रह आला. कुणी "तो बघा" म्हणेपर्यंत गेलासुद्धा.

"परत कधी येईल?" दादांनी विचारलं.

पुढे अठरा दिवसांनी इंधन संपलं. पंगत जेवता जेवता पानावरून उठली, सगळी एकदम, आणि छताला टेकली.

शर्वरीला तिसरा महिना होता. भिंत धरत धरत ती आत्यापाशी आली.

"आत्या, पाळणा टांगला तर हलेल ना गं?"

झोका परत यायचा तर त्याला खाली ओढणारं काहीतरी लागतं. आत्याने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काहीच नव्हतं.

"ढकलशील तिकडे जाईल," ती म्हणाली. "आपण होऊन परत येणार नाही."